पोलिसाविरुद्ध तक्रार करायचीय? ठाणे-नवी मुंबईत कुठे जायचं, काय लिहायचं, कशाची घाई करायची

पोलिसाने दमदाटी केली, एफआयआर घेतला नाही, पैसे मागितले, हात उचलला, असं काही झालं की आपल्याकडे माणूस एकतर गप्प बसतो नाहीतर रात्री साडेबाराला फेसबुकवर लांबलचक पोस्ट टाकतो आणि सकाळी सासरेबुवांचा फोन आला की डिलीट करतो. त्या पोलिसाला दोन्हीने काही होत नाही. त्याला त्रास होतो तो शिक्का मारलेल्या, तारीख असलेल्या, त्याचं नाव आणि बक्कल नंबर लिहिलेल्या कागदाचा, कारण त्या कागदाला त्याच्या वरच्या साहेबाला कधीतरी उत्तर द्यावं लागतं.

मी वकील नाही. पण आमच्या भागातल्या लोकांचे अर्ज लिहून देतो, बरीच वर्षं देतोय, आणि बघितलंय असं की कायदा कमी पडला म्हणून तक्रार मेली असं फार कमी वेळा होतं, तक्रार मरते ती उशिराने किंवा चुकीच्या टेबलावर जाऊन. म्हणून खाली जे लिहिलंय त्यात कलमं आहेत पण भर आहे तो कधी आणि कुठे यावर.

समोरचा माणूस नेमका कोणाचा?

आधी हे ठरवा. खाकी किंवा खाकीसारखं काहीही दिसलं की लोक पोलीस म्हणतात. सिग्नलवर जॅकेट घालून शिट्टी मारणारा ट्राफिक वॉर्डन पोलीस नाही, त्याला दंड घ्यायचा अधिकार नाही, टोइंग गाडीवर लटकणारी पोरं कंत्राटदाराची असतात, होमगार्ड वेगळे, महापालिकेचे सुरक्षा रक्षक वेगळे. ठाणे स्टेशनच्या प्लॅटफॉर्मवर काही झालं तर ते लोहमार्ग पोलीस, त्यांचा आयुक्त मुंबईचा वेगळा, आणि त्याच प्लॅटफॉर्मवर रायफल घेऊन उभा असलेला आरपीएफवाला (रेल्वे सुरक्षा दलाचा) तर केंद्राचा, त्याची तक्रार रेल्वेच्या सुरक्षा आयुक्ताकडे. जिना उतरून स्टेशनबाहेर सॅटिसवर आलात की शहर पोलीस. लोक हे न बघता सगळं कळवा पुलाजवळच्या आयुक्तालयात नेऊन देतात आणि दोन महिन्यांनी 'सदर बाब या कार्यालयाशी संबंधित नाही' असं पत्र येतं.

हद्दीचंही तसंच. ठाणे शहर आयुक्तालय म्हणजे फक्त ठाणे नाही, भिवंडी, कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर सगळं त्यात. शहापूर-मुरबाडकडचं ठाणे ग्रामीण, तिथे आयुक्त नाही, पोलीस अधीक्षक असतो. मीरा-भाईंदर २०२० पासून वसई-विरारसोबत वेगळं आयुक्तालय झालंय. नवी मुंबई आयुक्तालय बेलापूरला, त्यात वाशीकडचा भाग आणि पनवेलकडचा भाग अशी दोन परिमंडळं. आणि इथे एक गंमत लक्षात ठेवा, ऐरोली ते बेलापूर जिल्हा ठाणे पण खारघर, कामोठे, कळंबोली, पनवेल, उरण जिल्हा रायगड, म्हणजे पोलीस आयुक्त एकच पण कोर्ट आणि विधी सेवा प्राधिकरण वेगवेगळं. कामोठ्याचा माणूस ठाणे कोर्टात हेलपाटे घालत बसला तर त्याचे दिवस जातात फक्त.

माणसाची ओळख म्हणजे छातीवरची नेमप्लेट, हवालदार-शिपाई असेल तर बक्कल नंबर, गाडीचा नंबर आणि वेळ. नाव नाही मिळालं तरी तक्रार होते, 'अमुक तारखेला रात्री नऊ ते बारा ड्युटीवर असलेले ठाणे अंमलदार' एवढं लिहिलं तरी ड्युटी रजिस्टरवरून माणूस निघतो. साध्या वेशात आले असतील तर ओळखपत्र मागा, अटक करणाऱ्या पोलिसाने नाव स्पष्ट दिसेल अशी पट्टी लावलीच पाहिजे हे बीएनएसएसच्या, म्हणजे सीआरपीसीच्या जागी आलेल्या नव्या कायद्याच्या, कलम ३६ मध्ये आहे, आणि सुप्रीम कोर्टाने डी. के. बसू प्रकरणात १९९६ लाच सांगून ठेवलंय.

तिथल्या तिथे काय करायचं, काय नाही

हात लावू नका. कॉलर धरली, हात झटकला, अंगावर धावून गेलात की तुमच्यावर बीएनएस (आयपीसीच्या जागी आलेला कायदा) कलम १३२ लागतं, जुनं ३५३, सरकारी कामात अडथळा म्हणतात ते, आणि ते अजामीनपात्र आहे. मग तुमची तक्रार राहते बाजूला आणि तुम्ही जामिनाच्या मागे. शिवी तर नकोच. आवाज खाली, आणि एकच वाक्य परत परत, 'साहेब, लेखी द्या'.

फोन करून 'साहेबांनी बोलावलंय, या चौकीला' हा आपल्याकडचा नेहमीचा प्रकार. साक्षीदार म्हणून बोलवायचं असेल तर बीएनएसएस कलम १७९ खाली लेखी आदेश लागतो, आणि बाई असेल, पुरुष साठच्या वर किंवा पंधराच्या आत असेल, अपंग किंवा गंभीर आजारी असेल तर त्यांना पोलीस ठाण्यात बोलावताच येत नाही, पोलिसाने घरी यायचं. संशयित म्हणून बोलवायचं आणि अटकेची गरज नसेल तर त्याच कायद्याच्या कलम ३५ ची नोटीस, आणि ती व्हॉट्सअॅपवर पाठवलेली चालत नाही असं सुप्रीम कोर्टाने २०२५ मध्ये सांगितलंय. नोटीस हातात मिळाली की मात्र जायचं, न जाणं अंगाशी येतं. जाताना एकटे जाऊ नका आणि घरी कोणालातरी लोकेशन टाकून जा.

बाईला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी अटक करता येत नाही, अगदी अपवाद असेल तर महिला अधिकाऱ्याने लेखी अहवाल देऊन मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी घ्यायची. रात्री दहाला दारात उभे राहून 'ताई, फक्त दहा मिनिटं चला' म्हणतात ना, तेव्हा हे सांगा, आणि ११२ लावा. हो, पोलिसांविरुद्धच पोलिसांना फोन. ११२ चा कॉल कंट्रोलला वेळेसकट नोंदला जातो, ती नोंद नंतर कामाला येते.

व्हिडिओ काढायचा का? काढा. पोलीस ठाणं हे शासकीय गुपिते कायद्याखालचं प्रतिबंधित ठिकाण नाही, तिथे शूटिंग केलं म्हणून त्या कायद्याखाली गुन्हा होत नाही असं मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये म्हटलंय. पण व्यवहारात सांगतो, मोबाईल त्याच्या तोंडासमोर नाचवू नका, छातीशी धरा, कॉमेंटरी नको, आणि बाहेर आल्यावर लगेच कोणाला तरी पाठवा. मूळ फाईल मात्र फोनमध्येच राहू द्या. व्हॉट्सअॅपवर फिरून आलेली कॉपी कोर्टात कमजोर पडते, आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत नवीन साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, ते मूळ फोन असला तर सोपं जातं. फोन बदलायचा बेत असेल तर पुढे ढकला.

ट्राफिकवाल्यांबद्दल थोडक्यात. गाडीची चावी काढून घ्यायचा अधिकार मोटार वाहन कायद्यात कुठे दिलेला नाही, डिजीलॉकर किंवा एमपरिवहनमधले कागद चालतात, पावतीशिवाय रोख द्यायची नाही. चुकीचं ई-चलान आलं तर वाहतूक पोलिसांच्या पोर्टलवर हरकत टाका. घोडबंदर रोडवर भर उन्हात वाद घालून काय मिळणार नाही.

पहिले दोन दिवस

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. माणूस घरी येतो, डोकं दुखतं, दोन दिवस झोपून काढतो, मग ओळखीच्या नगरसेवकाकडे जातो, तो म्हणतो बघतो, आणि तिसऱ्या आठवड्यात आमच्याकडे येतो. तोपर्यंत अंगावरचे वळ गेलेले असतात आणि फुटेजही.

मारहाण असेल तर त्याच दिवशी सरकारी हॉस्पिटल. कळव्याचं शिवाजी हॉस्पिटल, ठाण्याचं सिव्हिल, वाशीचं महापालिकेचं, जे जवळ असेल ते. डॉक्टरला सांगा की एमएलसी (मेडिको-लीगल केसची नोंद) करा, आणि कोणी मारलं ते स्पष्ट सांगा, 'पडलो' म्हणालात तर ते कागदावर कायमचं बसतं. कोपऱ्यावरच्या फॅमिली डॉक्टरच्या चिठ्ठीला तेवढं वजन नाही. जखमांचे फोटो त्या दिवशीचे आणि दोन-तीन दिवसांनंतरचेही काढा, मुका मार उशिरा उठतो.

मग सीसीटीव्ही. परमवीर सिंग सैनी प्रकरणात सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२० मध्ये सांगितलं की प्रत्येक पोलीस ठाण्यात गेट, लॉकअप, कॉरिडॉर, ड्युटी अंमलदाराची खोली, निरीक्षकाची खोली सगळीकडे आवाजासकट रेकॉर्ड करणारे कॅमेरे पाहिजेत आणि रेकॉर्डिंग १८ महिने ठेवायचं, तेवढी सोय नसेल तर निदान एक वर्ष. वाचून बरं वाटतं. पण तेवढ्यावर निवांत बसू नका, डीव्हीआर बंद होता, हार्ड डिस्क बदलली, त्या दिवशी लाईट नव्हती, ही उत्तरं मिळतातच. म्हणून फुटेज जतन करा अशी लेखी मागणी पहिल्या दोन दिवसांत द्यायची, पूर्ण तक्रार लिहायला वेळ लागला तरी चालेल पण हा एक पानी अर्ज आधी. लेखी मागणीनंतर फुटेज गेलं तर का गेलं याचं उत्तर त्यांनाच द्यावं लागतं. प्रकार रस्त्यावर झाला असेल तर समोरच्या मेडिकलवाल्याला, सोसायटीच्या वॉचमनला आजच भेटा, खाजगी कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग आठवडा-दोन आठवड्यांत पुसलं जातं आणि दुकानदार पहिल्या दिवशी देतो, पंधरा दिवसांनी घाबरतो.

आणि सगळं लिहून काढा, वहीत, वेळेसकट. कोण काय बोललं ते जसंच्या तसं.

अर्ज असा लिहा

अर्जात लोक रडतात किंवा भाषण करतात. 'कायद्याचे रक्षकच भक्षक' हे वाक्य आलं की वाचणारा पुढे वाचत नाही. तारीख, वेळ, जागा, कोण, काय केलं, पुरावा काय, मागणी काय. दीड पान पुरतं. मी साधारण असं लिहितो:

प्रति,
मा. पोलीस उपायुक्त, परिमंडळ ____,
ठाणे शहर पोलीस आयुक्तालय

विषय: ____ पोलीस ठाण्यातील पोलीस हवालदार ____, बक्कल नंबर ____, यांनी दि. ____ रोजी केलेल्या गैरवर्तनाची चौकशी होणेबाबत व सीसीटीव्ही चित्रीकरण जतन करणेबाबत.

महोदय,
मी ____ येथे राहतो. दि. ____ रोजी सायंकाळी ७.१० वाजता मी मोबाईल चोरीची तक्रार देण्यासाठी ____ पोलीस ठाण्यात गेलो असता ठाणे अंमलदार कक्षात हजर असलेल्या वरील अंमलदारांनी तक्रार घेण्यास नकार दिला, शिवीगाळ केली व माझ्या डाव्या गालावर चापट मारली. त्या वेळी माझे शेजारी श्री. ____ सोबत होते. रात्री ९.३० वाजता मी ____ रुग्णालयात तपासणी करून घेतली, एमएलसी क्रमांक ____.
माझी विनंती अशी की, १) दि. ____ रोजी सायंकाळी ६.३० ते ८.३० या वेळेतील पोलीस ठाण्याचे प्रवेशद्वार व ठाणे अंमलदार कक्षाचे ध्वनीसह चित्रीकरण तात्काळ जतन करावे. २) सदर वेळेची स्टेशन डायरी नोंद तपासावी. ३) या अर्जाची चौकशी त्याच पोलीस ठाण्याकडे न देता अन्य अधिकाऱ्याकडे द्यावी. ४) माझी मूळ तक्रार नोंदवून घ्यावी.

खाली सही, तारीख, मोबाईल नंबर, सोबत जोडलेल्या कागदांची यादी.

तिसरी मागणी विसरू नका. आपल्याकडे अर्ज वर जातो आणि तिथून 'योग्य त्या कार्यवाहीस्तव' असा शेरा मारून फिरत फिरत खाली त्याच पोलीस ठाण्यात येतो, मग ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याच्याच शेजारच्या टेबलवाला तुम्हाला फोन करतो, 'या, जबाब द्यायला'. मागणी लिहिलेली असली तर तुम्ही त्या जबाबाला लेखी हरकत घेऊ शकता.

द्यायचा कुठे? एखाद्या शिपायाने उद्धट बोललं एवढंच असेल तर सीनियर पीआयला (ठाण्याच्या वरिष्ठ पोलीस निरीक्षकाला) भेटा, बरेच सीनियर पीआय खरंच झापतात आणि विषय संपतो. पण मारहाण, पैसे, खोट्या केसची धमकी असेल तर सीनियर पीआयकडे फक्त प्रत द्या, मूळ अर्ज डीसीपीकडे (पोलीस उपायुक्ताकडे), प्रत आयुक्तांकडे. बारनिशीत (टपाल घेणाऱ्या आवक-जावक कक्षात) जाऊन आवक शिक्का आणि नंबर घ्यायचा, तुमच्या प्रतीवर. शिक्का देत नसतील तर भांडू नका, बाहेर पोस्टात जाऊन स्पीड पोस्ट, पोचपावतीसह, आणि सोबत ईमेल. पोस्टाची पावती फाईलला लावून टाका.

एफआयआरच घेत नाहीत तेव्हा

१ जुलै २०२४ पासून नवे कायदे आलेत, सीआरपीसी गेली आणि बीएनएसएस आली, त्यामुळे जुनं १५४ आता १७३ झालं. दखलपात्र गुन्ह्याची माहिती दिली की एफआयआर नोंदवणं बंधनकारक हे सुप्रीम कोर्टाने ललिता कुमारी प्रकरणात २०१३ मध्ये सांगितलंय. 'हद्द आमची नाही' हे तर आता कलमातच संपवलंय, कुठेही घडलेला गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो, झिरो एफआयआर. शीळ-डायघर म्हणणार तळोजाला जा आणि तळोजा म्हणणार शीळला, हे ऐकून घ्यायची गरज नाही.

एनसी (अदखलपात्र म्हणून नुसती नोंद) देऊन बोळवण हा दुसरा प्रकार. आणि तिसरा, 'चौकशी चालू आहे'. यावर विचारायचं, साहेब कलम १७३ पोटकलम ३ खाली का? कारण अशी प्राथमिक चौकशी तीन ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यातच करता येते, वरच्या अधिकाऱ्याच्या परवानगीने, आणि १४ दिवसांत संपवावी लागते. हा प्रश्न विचारला की समोरच्याच्या बोलण्याचा सूर बदलतो, स्वतः बघितलंय.

तरी नाही घेतला तर पायऱ्या ठरलेल्या आहेत, तक्रारीचा मजकूर पोस्टाने डीसीपीला, मग मॅजिस्ट्रेटकडे कलम १७५ पोटकलम ३ खाली अर्ज, सोबत प्रतिज्ञापत्र. मधली पायरी गाळली तर कोर्टात पहिला प्रश्न तोच येतो, म्हणून ती पोस्टाची पावती. बलात्कार, विनयभंग, अॅसिड हल्ला अशा गुन्ह्यांची माहिती नोंदवून न घेणं हा त्या पोलिसाचाच गुन्हा आहे, बीएनएस कलम १९९, सहा महिने ते दोन वर्षं सक्तमजुरी. बदलापूरला ऑगस्ट २०२४ मध्ये शाळेतल्या लहान मुलींच्या प्रकरणात पालकांना तासन् तास बसवून ठेवलं, पुढे रेल रोको झाला आणि उशीर केल्याबद्दल तीन पोलीस निलंबित झाले. लोकांना वाटलं शिक्षा झाली. निलंबन ही शिक्षा नसते हो, चौकशी होईपर्यंत बाजूला ठेवणं असतं, निर्वाह भत्ता चालू राहतो. शिक्षा म्हणजे विभागीय चौकशीनंतर वेतनवाढ रोखणं, पदावनती, बडतर्फी. तेव्हा 'निलंबित केलं' ऐकून फाईल बंद करू नका, विभागीय चौकशी लागली का ते विचारत राहा.

पैसे मागितले तर

इथे डीसीपी-बीसीपी काही नाही, थेट लाचलुचपत प्रतिबंधक विभाग, फोन १०६४. ठाण्यात आणि नवी मुंबईत दोन्हीकडे त्यांची युनिट आहेत. आधी पडताळणी होते, म्हणजे तुम्हाला रेकॉर्डर देऊन पंचासोबत परत त्या माणसाशी बोलायला लावतात, मागणी खरी निघाली तर पावडर लावलेल्या नोटा आणि सापळा. सापळ्यातली रक्कम नंतर परत मिळते. लाच घेतलीच पाहिजे असं नाही, मागणी सिद्ध झाली तरी गुन्हा होतो. म्हणून तिथे भाव करत बसू नका, 'उद्या सांगतो' म्हणून बाहेर या आणि फोन लावा. जबरदस्तीने आधीच दिले असतील तर २०१८ च्या दुरुस्तीनंतर सात दिवसांत कळवायचं असतं, नाहीतर देणाराही अडकू शकतो. सात दिवस म्हणजे सातच.

घरचा माणूस आत असेल तर

आधी शांतपणे तीन गोष्टी मिळवा, अटक कधी झाली, कोणत्या गुन्ह्यात, कोण तपास अधिकारी. अटकेचा पंचनामा करावा लागतो, त्यावर साक्षीदाराची सही, नातेवाइकाला कळवणं, अटकेची कारणं सांगणं, वैद्यकीय तपासणी, चौकशीच्या दरम्यान वकिलाला भेटू देणं, हे सगळं हक्काचं आहे. २४ तासांत कोर्टात. 'अटक नाही केली, नुसतं बसवून ठेवलंय' हे वाक्य ऐकलंत तर लगेच डीसीपी आणि आयुक्तांना ईमेल करा, वेळ लिहून, की अमुक माणूस अमुक वाजल्यापासून ठाण्यात आहे. त्या ईमेलची वेळ हीच उद्या तुमची साक्ष, कारण ते कागदावर अटक रात्री अकराची दाखवतील.

कोर्टात मॅजिस्ट्रेट विचारतात, पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का. हा एक प्रश्न इतका पटकन येऊन जातो की पोरगं मान हलवून नाही म्हणतं, कारण बाजूला तोच हवालदार उभा असतो. आणि 'तक्रार नाही' असं रेकॉर्डवर जातं. नंतर पाच वर्षं वकील त्या दोन शब्दांशी झगडत बसतो. वकिलामार्फत आतल्या माणसाला आधीच सांगा, मारलं असेल तर तिथेच मोठ्याने सांग, कुठे मारलं ते दाखव, मेडिकल मागून घे. वकील परवडत नसेल तर कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो, बाईला आणि अनुसूचित जाती-जमातीच्या माणसालाही. विधी सेवा प्राधिकरणाची हेल्पलाईन १५१००. कबुलीसाठी मारणं हा वेगळा गंभीर गुन्हा आहे, बीएनएस कलम १२०, साध्या दुखापतीला सात वर्षांपर्यंत आणि गंभीर दुखापतीला दहा वर्षांपर्यंत शिक्षा.

कोठडीत मृत्यू झाला तर मॅजिस्ट्रेटची चौकशी कायद्यानेच लागते, बीएनएसएस कलम १९६, कोणाच्या मेहरबानीवर नाही. त्याच बदलापूर प्रकरणातला आरोपी २३ सप्टेंबर २०२४ ला मुंब्रा बायपासजवळ पोलीस व्हॅनमध्ये गोळी लागून मेला, पेढे वाटले गेले, फटाके फुटले. आणि जानेवारी २०२५ मध्ये मॅजिस्ट्रेटच्या अहवालात त्या मृत्यूला पाच पोलीस जबाबदार असल्याचं आलं, एप्रिलमध्ये हायकोर्टाने एसआयटी नेमून गुन्हा नोंदवायला सांगितलं. आरोपीबद्दल कोणाला काय वाटायचं ते वाटो, मरणारा कोण होता त्यावर १९६ ची चौकशी अवलंबून नसते, नाहीतर उद्या तुमच्या भाच्याच्या वेळी लावणार कशी?

खात्याबाहेरचे दरवाजे

राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण. प्रकाश सिंग प्रकरणात सुप्रीम कोर्टाने २००६ मध्ये आदेश दिला, महाराष्ट्राने २०१४ मध्ये पोलीस कायद्यात बदल करून ते आणलं, अध्यक्ष निवृत्त हायकोर्ट न्यायाधीश. कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार, नियम मोडून केलेली अटक, भ्रष्टाचार, खंडणी, जमीन-घर बळकावणं, अधिकाराचा गंभीर गैरवापर, हे त्यांचे विषय. 'उद्धट बोलला' हे तिथे नेऊ नका. सगळे कागद तारखेने लावून आणि प्रतिज्ञापत्राची तयारी ठेवून जा.

राज्य मानवी हक्क आयोग मुंबईत सीएसएमटीसमोर, फी नाही, वकील नाही लागत. घटनेपासून एक वर्षाच्या आत जायचं. आणि एकाच वेळी राज्य आयोग आणि दिल्लीचा राष्ट्रीय आयोग दोन्हीकडे टाकू नका, राज्यात प्रकरण चालू असेल तर राष्ट्रीय आयोग हात घालत नाही. आयोग पोलिसांकडूनच अहवाल मागवतो, मग तुम्हाला त्यावर म्हणणं मांडायची संधी मिळते, खरी लढाई त्या म्हणण्यात असते, तिथे पुराव्यानिशी एकेक मुद्दा खोडा.

कोर्टात खाजगी फिर्याद किंवा हायकोर्टात रिट, हे वकिलाशी बोलून. पोलिसाने कामाच्या ओघात केलेल्या कृत्याला खटल्याआधी सरकारची मंजुरी लागू शकते, बीएनएसएस कलम २१८, पण आता १२० दिवसांत सरकारने ठरवलं नाही तर मंजुरी मिळाली असं धरतात. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम १६१ मध्ये पोलिसांविरुद्ध कोर्टात जायच्या मुदती आखडत्या आहेत, वकिलाला पहिला प्रश्न हाच विचारा. आणि वेळ लागतो हे गृहीत धरा. अश्विनी बिद्रे-गोरे स्वतः सहायक पोलीस निरीक्षक होत्या, एप्रिल २०१६ मध्ये बेपत्ता झाल्या, संशय खात्यातल्याच वरिष्ठ निरीक्षकावर, त्याला अटक व्हायला डिसेंबर २०१७ उजाडला आणि पनवेल सत्र न्यायालयाने त्यांच्या खुनाबद्दल त्याला जन्मठेप दिली एप्रिल २०२५ मध्ये. पोलिसाच्या घरच्यांना इतकं लागलं.

अर्ज दिल्यानंतर

आधी गोड फोन येतो, 'काका, कशाला वाढवताय, पोराचं करिअर आहे त्याच्या'. मग कोणीतरी मधला माणूस, सोसायटीतलाच, चहाला घेऊन जातो. मग कधीकधी तुमच्याविरुद्ध एनसी. घाबरायचं नाही, प्रत्येक फोनची वेळ लिहायची आणि आठवड्याने त्याच डीसीपीला पुरवणी अर्ज टाकायचा, मूळ आवक नंबर लिहून, की दबाव येतोय. तडजोड करावीशी वाटली तर तो तुमचा निर्णय, त्यात लाज नाही, पण कोऱ्या कागदावर सही नको आणि 'गैरसमजातून तक्रार केली होती' असं लिहून देऊ नका, ते पुढे तुमच्याच विरुद्ध वापरता येतं.

एसीपी (सहायक पोलीस आयुक्त) ऑफिसला जबाबाला बोलावलं तर अर्जाची प्रत घेऊन जा, तेच बोला, वाढवून नाही, कमी करून नाही. जबाब टाईप झाला की पूर्ण वाचा, 'माझी आता काही तक्रार नाही' हे शेवटचं वाक्य तयार फॉरमॅटमध्येच असतं कधीकधी, ते खोडायला लावा आणि मगच सही. प्रत मागा, नाही दिली तर नाही दिली म्हणून नंतर ईमेल करा.

महिन्याभरात काही कळलं नाही तर माहितीचा अधिकार. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प किंवा ऑनलाईन, एक अर्ज एक विषय, १५० शब्दांच्या आत, महाराष्ट्राचे नियम तसे आहेत. 'त्या पोलिसाला काय शिक्षा केली' असं विचारलंत तर वैयक्तिक माहिती म्हणून नाकारतात, सुप्रीम कोर्टाचा २०१२ चा निकाल दाखवून. म्हणून स्वतःच्या अर्जाबद्दल विचारा, माझा आवक क्रमांक अमुक, तो कोणकोणत्या अधिकाऱ्याकडे कोणत्या तारखेला गेला, त्यावरच्या टिपण्यांच्या प्रती, चौकशी अहवालाची प्रत, आणि सीसीटीव्ही जतन करण्याच्या मागणीवर काय केलं. ३० दिवसांत उत्तर यायला पाहिजे. 'तपास चालू आहे' एवढंच लिहून नाकारलं तर माहिती दिल्याने तपासात नेमका काय अडथळा येतो ते त्यांनी सांगायचं असतं, हाच मुद्दा लिहून ३० दिवसांच्या आत पहिलं अपील, वीस रुपयांचा स्टॅम्प, त्याच आयुक्तालयातल्या अपिलीय अधिकाऱ्याकडे.